काकांचे एक हजार चौपन्न

नळावर भांडण जुंपले की आमच्या शेजारचे शमुवेलकाका खिडकीतून एक साल सांगतात. "एक हजार चौपन्न," एवढेच. त्या साली पूर्वेचे आणि पश्चिमेचे चर्च एकमेकांपासून तुटले आणि वादाचे एक कारण भाकरीत खमीर असावे की नसावे हे होते, ही माहिती आता साऱ्या चाळीला पाठ आहे.

काका सोलापूरच्या सूतगिरणीतून निवृत्त झालेले. पण चर्चचा इतिहास त्यांना घरच्या गोष्टीसारखा येतो. पंधराशे सतरा साली एका धर्मगुरूने चर्चच्या दारावर पंच्याण्णव आक्षेप लावले, त्याचा आदर्श ठेवून त्यांनी एकदा चाळीच्या दारावर तक्रारींचा कागद चिकटवला. अकरावर गाडी अडली. "पंच्याण्णव व्हाया पायजेत की. सर, तुमचं काय गळतं का बगा," म्हणून ते माझ्याकडे आले. मी दोन तक्रारी दिल्या.

तीन वर्षांपूर्वी ते एक हजार चौपन्न साल त्यांच्याच घरी आले. पवित्र गुरुवारी, प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून, प्रार्थनेनंतर भाकर मोडायची होती. काकांनी ज्वारीची कडक भाकरी मांडली. मंद्रूपहून आलेल्या धाकट्या भावाने, दानिएलने, पिशवीतून पाव काढला.

"शुभवर्तमानात भाकर लिवलंय, पाव न्हाय," काका म्हणाले. "आन् ह्यात खमीर हाय."

दानिएल तोंडावर रुमाल धरून काहीतरी पुटपुटला आणि पाव घेऊन निघून गेला. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद.

मी तेथे पाहुणा होतो. त्याच सकाळी दानिएल मला दातांच्या दवाखान्याबाहेर भेटला होता. खालचे सगळे दात काढलेले. हे ठाऊक असूनही मी गप्प राहिलो. कारण, आज कबूल करतो, तो वाद मला रंजक वाटत होता.

गेल्या रविवारी मी काकांना हे सांगितले. ते रागावतील अशी माझी अपेक्षा, किंबहुना इच्छा होती. ते ताटातल्या भाकरीकडे बघत राहिले.

"दात गेलते व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं, इश्वास गेला."

मग त्यांनी मलाच विचारले, त्या दोन चर्चनी तुटताना एकमेकांना दिलेले शाप कधी मागे घेतले, ठाऊक आहे का. मी नाही म्हणालो.

"एकोणीसशे पासष्ट. नऊशे अकरा वर्सं लागली. आमी दोगं तेवडं जगत न्हाय की."

सोमवारी मी त्यांना मंद्रूपच्या एसटीपर्यंत पोहोचवले. पिशवीत कडक भाकऱ्या होत्या. पावाची लादी मात्र चेपू नये म्हणून त्यांनी मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली तसे त्यांनी खिडकीतून विचारले, "सर, त्याला पयलं काय म्हनू?"

चर्चच्या इतक्या परिषदा पाठ असलेल्या माणसाला एक वाक्य सापडत नव्हते. मी गाडीत चढलो आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.