गावडेकाकांची खाडी

शारजातल्या तमाम मराठी माणसांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या बिल्डिंगमागच्या खाडीत गावडेकाकांच्या परवानगीवाचून कोणीही गळ टाकू नये. टाकल्यास मिळालेला मासा बेकायदेशीर समजला जाईल.

खाडी सरकारची. पण हे काकांना सांगणार कोण?

काका मालवणचे, माझे शेजारी. काकू मुलांच्या कॉलेजसाठी कुडाळला गेल्यापासून एकटेच. त्यांचा साहेब स्कॉटलंडचा. साहेबाच्या गावी डोंगरातली एक चिमुकली नदी आहे म्हणे. तिच्या काठाचे तुकडे पाडलेले असतात आणि कोणी कुठल्या दिवशी कुठे गळ टाकून बसायचं हे ठरलेलं असतं. हे ऐकून काका हरखले. पुढच्याच शुक्रवारी सकाळी त्यांनी कठड्यावर खडूने एक, दोन, तीन असे आकडे टाकले. "शिस्त नाय तर मासो नाय," म्हणाले.

प्रजा दोघांचीच. टॅक्सीवाला खान आणि केरळचा मॅथ्यू.

"खान, आज तेरा दो नंबर."

"गावडेसाब, दो नंबर में पानी किधर है? ओहोटी है."

ओहोटी हा शब्द त्याला काकांनीच शिकवलेला.

"नियम मतलब नियम."

खान बिचारा चिखलात गळ सोडून बसायचा.

मग काठावर एक रेस्टॉरंट आलं आणि त्यांनी कुंपण घातलं. शुक्रवारी फाटकाला कुलूप. खान म्हणाला, "खलास. चलो घर." काका मात्र मला घेऊन थेट मॅनेजरकडे गेले आणि आपण इथे कधीपासून येतो याचा पुरावा म्हणून एक जाडजूड वही त्याच्यापुढे ठेवली. मॅनेजर लेबनॉनचा, त्याने मला वाचायला सांगितलं. माशांची वजनं असतील म्हणून मी उघडली.

"खान: गुडघा बरा. मॅथ्यू: मुलीचं पत्र आलं, खूश. मासे: कोणालाच नाही."

पुढचं पान. "खान आला नाही. ताप. डबा पोचवला. मासे: नाही."

पानामागून पान तेच. मी इंग्रजीत सांगत गेलो. काका छताकडे बघत राहिले.

मॅनेजर हसला. म्हणाला, "हबीबी, तुम्ही वडीलधारे. तुम्हाला एकट्याला पास देतो."

शेवटी तिघांनाही पास मिळाले, पण ते नंतर. त्या क्षणी काका इंग्रजी, हिंदी सगळं विसरून मालवणीत बोलून गेले, "एकट्यान बसाक माका घर आसा मरे."