गाडीतलं गिऱ्हाईक

गिऱ्हाईक समोर असलं की मराठीत बोलायचं, हा हयग्रीवरावांच्या दुकानाचा जुना नियम होता. कुंभकोणमला त्यांचं मूर्तींचं दुकान, आणि जवळच स्वामीमलैला त्यांच्या मेहुण्याचा, सेतुरामचा, मूर्ती ओतण्याचा कारखाना. गिऱ्हाइकं सगळी तमिळ. 'हा नुसता बघून जाणार', 'ह्यास पितळ आणि पंचधातू एकच दिसतं' असली मसलत त्या माणसाच्या तोंडावर, अगदी हसतमुखानं, घरच्या मराठीत चालायची. तीन पिढ्या धंदा सुखानं चालला होता.

आणि मग थेट कऱ्हाडहून मुकुंदराव आले. त्यांच्या गल्लीतल्या देवळाला विठोबाची उत्सवमूर्ती हवी होती. मुकुंदराव म्हणजे खोड काढण्यात पटाईत. स्टेशनवर उतरल्यापासून त्यांची उकाड्याला, कॉफीच्या पेल्याला आणि इडलीच्या आकाराला नावं ठेवून झाली होती. हयग्रीवराव निमूटपणे ऐकत होते. ज्या मुलखातून आपले पूर्वज तंजावरला आले, त्या मुलखात आपल्याकडचा विठोबा जावा, ही त्यांची फार जिवाची इच्छा. ती आता ह्या एका माणसाच्या होकारावर अडली होती.

त्यात घोटाळा असा, की ओतून झाल्यावर मूर्तीत एक खोट दिसली. समोरून विठोबा सुरेख. बाजूनं पाहिलं की पोट सुटलेलं. म्हणून सकाळीच हयग्रीवरावांनी सेतुरामला बजावलं होतं, "मोठी माळ घालून ठेव. समोरूनच दाखवूं."

गाडी नवी होती. लेक हरिणी चेन्नईहून आली तेव्हा तिनं बापाचा फोन गाडीला जोडून दिला. "अप्पा, फोन आला कीं गाडींतच ऐकूं येईल. तुम्ही मध्ये काही दाबूं नका." जाताना तिनं तीनदा सांगितलं होतं. अप्पांनी मान डोलावली होती.

कावेरीचा पूल जवळ आला, तोच गाडीच्या पडद्यावर सेतुरामचं नाव उमटलं. हयग्रीवरावांनी फोन बंद करायला बोट पुढं केलं, पण पडद्यावर हिरवं आणि तांबडं एवढं शेजारी शेजारी होतं की बोट हिरव्यावर पडलं.

"भावजी!" चारी बाजूंनी सेतुरामचा आवाज घुमला. "गिऱ्हाईक शेजारीं बसलंय कां? तर मराठींतच बोलतों!"

मुकुंदराव दचकून सरळ बसले. गिऱ्हाईक मराठी आहे हे सेतुरामला चांगलं ठाऊक होतं. पण जन्माची सवय, ती कुठली जायला! हयग्रीवरावांना घाम फुटला. त्यांनी पडद्यावर आणखी एक ठिकाणी दाबलं, आवाज दुप्पट झाला. अखेर गाडी कडेला घेतली, मुकुंदरावांना उकडू नये म्हणून एसी चालू ठेवला आणि "घरचं काम आहे हो, एक निमिष" म्हणत फोन घेऊन ते खाली उतरले. दार लावून घेतलं. आता हवं तितकं खासगी बोलता येणार होतं.

"सेतु, बोल." फोनमधून काही ऐकू येईना. "हॅलो! सेतु!" त्यांनी फोन झटकला, दुसऱ्या कानाला लावला. एक अक्षर नाही.

नसणारच. फोन खाली उतरला होता, आवाज गाडीतच बसून राहिला होता.

"भावजी, ती माळ मी काढून टाकिली," गाडी म्हणाली.

मुकुंदरावांनी काचेतून बाहेर पाहिलं. हयग्रीवराव बांधावर उभे राहून फोनला दम देत होते. मुकुंदराव जरा घुटमळले आणि म्हणाले, "हं."

"आवाज कां असा? सर्दी झाली?"

"एसी."

"सेरि, बरं. आतां ऐका. पोट लपवूं नका, उलट बोट करून दाखवा. तो म्हातारा बहुत किटकिट्या आहे म्हणून तुम्हीच सांगितलां. तो नको म्हणूं दे."

मुकुंदरावांच्या कपाळावर आठी चढली. "का बरं?"

सेतुराम हळूच म्हणाला, "काल सांजेस मी विठोबासमोर बसलों, तर उठवेना भावजी. आमचा कारागीर गुरुमूर्ति दहींभात जेवून ह्याचा मेणाचा नमुना करीत होता, त्याचंच समाधान देवाच्या पोटांत उतरलं. साचा फोडून झाला. असा दुसरा होणें नाहीं. म्हाताऱ्यास दुसरा ओतून देतों, सपाट पोटाचा. हा आमच्या भजनमठांत राहूं दे. काय म्हणतां?"

"हं," मुकुंदराव म्हणाले. ह्या वेळी आवाज खरंच बसला होता.

बाहेर हयग्रीवराव रेंज शोधत पुलापर्यंत पोचले. गाडीपासून इतकं लांब गेल्यावर फोनला एकदाची वाचा फुटली आणि "ठरलं तर मग!" एवढंच ऐकू येऊन तो बंद झाला. माळेचं ठरलं, असं समजून ते खुशीत परतले.

"सगळं तयार आहे म्हणतो," त्यांनी सांगितलं.

"वाटलंच मला," मुकुंदराव म्हणाले.

कारखान्यात मूर्तीच्या गळ्यात माळ नव्हती. हयग्रीवरावांनी कोपऱ्यातली माळ उचलून घाईघाईनं घातली. सेतुरामनं ती काढली. त्यांनी पुन्हा घातली.

"साहेब, इकडून पाहा," सेतुराम मुकुंदरावांचा दंड धरून म्हणाला. "केवढं पोट! मोठी चूक!"

"चूक कसली? समोरून पाहा हो!" हयग्रीवराव दुसरा दंड ओढत म्हणाले. मग मेहुण्याकडं वळून दात ओठ खात कुजबुजले, "वेड लागलं कां तुज? गिऱ्हाइकासमोर!" तेही मराठीतच.

मुकुंदरावांनी दोन्ही दंड सोडवून घेतले आणि बाजूला जाऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी एकही खोड काढली नाही. मग डोळे पुसले.

"आमच्या देवळात जो तो मागायला येतो," ते म्हणाले. "ह्याच्याकडं बघून काही मागावंसंच वाटत नाही. जेवून तृप्त झालाय बिचारा. हाच द्या."

हयग्रीवरावांनी आनंदानं हात जोडले. सेतुराम मटकन स्टुलावर बसला. "भावजी, तुम्हांस वाटेंत एवढं सांगितलं! तुम्ही हं म्हणालां कीं नाहीं?"

"मी? मला एक शब्द ऐकूं आला नाहीं!"

दोघांनी सावकाश मुकुंदरावांकडं पाहिलं.

"गाडीत मी एकटाच होतो," मुकुंदराव शांतपणे म्हणाले. "कुणी एवढ्या आपुलकीनं विचारलं तर गप्प कसं बसायचं? तुम्हाला ह्याच्यासमोरून उठवेना म्हणालात, तेव्हाच मी हा घेऊन टाकला होता."

हयग्रीवरावांना कुठं पाहावं कळेना. सेतुराम तर विठोबाकडं पाठ करून बसला होता, आणि त्याचे खांदे हलत होते. मुकुंदराव त्याच्याजवळ गेले.

"तुमच्या मठासाठी दुसरा ओता," ते म्हणाले. "फक्त तुमच्या कारागिराला आधी पोटभर जेवू घाला."

सेतुरामनं नाक पुसलं. मग आतल्या बाजूला तोंड करून त्यानं तमिळमध्ये हाक दिली, की चार पानं मांडा, दहीभात जास्त लावा, आणि गुरुमूर्तीला सगळ्यांच्या आधी वाढा.