बेकरीवरून डावीकडे

"पॅकेज टूरवाले शहर बघत नाहीत हो, पुढच्या माणसाच्या हातातला झेंडा बघतात!"

विश्वास गायधनीने चकलीचा तुकडा हवेत फिरवत हे वाक्य टाकलं आणि ते कोणाकोणाला लागलं याचा अंदाज घेतला. कुवेतमध्ये अबू हलीफातल्या त्याच्या फ्लॅटवर दिवाळीचा फराळ चालला होता. प्लांटमधल्या त्याच्या युनिटची चार मराठी कुटुंबं दाटीवाटीने सोफ्यावर बसली होती, आणि त्यातली तीन गेल्याच वर्षी झेंड्यामागून बँकॉक-पटाया करून आली होती.

"आपण बुवा मित्राकडे जाणार," विश्वास म्हणाला. "रॉडेलकडे. इलोइलोला!"

"इलो... काय?" चंद्रहास परुळेकरांनी विचारलं. हे युनिटमधले सगळ्यांत सीनियर इंजिनियर, मूळचे वेंगुर्ल्याचे, आणि मराठी मंडळाचे कायमचे अध्यक्ष. निवडणूक झाली की नाही हे कोणालाच आठवत नव्हतं.

"इलोइलो! फिलिपिन्समधलं शहर, दादा. मनिला काय, कोणीही बघेल. इलोइलो बघायला तिथला माणूस लागतो. आणि आपल्याकडे माणूस आहे!"

माणूस होता हे मात्र खरं. रॉडेल त्याच युनिटमधला पंप टेक्निशियन. अकरा वर्षं कंपनीच्या बसमध्ये तो आणि विश्वास शेजारी शेजारी बसले. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास मिनिटं. खिडकीबाहेर वाळू, आणि वाळू संपली की पाइपलाइन! मग रॉडेल त्याला आपलं गाव दाखवायचा. तोंडी!

"हे बघ कुया," तो म्हणायचा. कुया म्हणजे त्यांच्याकडे मोठा भाऊ. "जीपनीतून, म्हणजे आमच्याकडच्या रंगीत जीप-बसमधून, चर्चपाशी उतरायचं. नदी उजव्या हाताला ठेवायची. बेकरी आली की डावीकडे वळायचं. दुपारी चारला तिथे गरम पाव निघतो. त्या वासात असतानाच माझं घर येतं!"

हे सगळं अर्थातच इंग्रजीत. म्हणजे एकाच्या फिलिपिनो इंग्रजीत आणि दुसऱ्याच्या नाशिकच्या इंग्रजीत. अकरा वर्षांत दोन्ही मिळून एक तिसराच प्रकार तयार झाला होता आणि तो फक्त त्या दोघांनाच कळायचा. बदल्यात विश्वास त्याला नाशिक दाखवायचा. रविवार कारंजापासून मिसळीच्या दुकानापर्यंतचा रस्ता रॉडेलला, नाशिक जन्मात न बघता, पाठ होता.

चार वर्षांपूर्वी रॉडेल कायमचा घरी गेला. विश्वास अजून त्याच सीटवर बसतो आणि शेजारच्या सीटवर डबा ठेवतो. कोणी बसायला आलं की म्हणतो, "नको, आमटी आहे, सांडेल." चार वर्षं रोज आमटी! बसमधल्या लोकांना वाटतं, नाशिकचे लोक दुसरं काही खातच नाहीत.

"कधी निघताय?" चंद्रहासदादांनी विचारलं.

"डिसेंबरात. शाळेला सुट्टी लागली की. मी, शलाका आणि प्रणिता."

"मग आम्ही पण येतो!"

इथे विश्वासने 'नको' म्हणायचं होतं. पण ज्याच्या हातात आपल्याच घरचा लाडू आहे त्याला नको कसं म्हणणार? तो म्हणाला, "या की!"

त्या 'या की'ने घात केला!

फराळाच्या ताटल्या उचलेपर्यंत चारही कुटुंबं तयार झाली. दुसऱ्या दिवशी रेखावहिनींची, म्हणजे सौ. परुळेकरांची, जाब्रियाच्या क्लिनिकमधली मैत्रीण तयार झाली. मैत्रिणीमागून तिची नणंद, नणंदेमागून नणंदेची शेजारीण. आठवड्याभरात आकडा तेवीसवर गेला आणि व्हॉट्सॅपवर ग्रुप निघाला. नाव: 'रॉडेल दर्शन'!

"भाऊजी, तिथे साबुदाणा मिळेल ना? मध्ये माझी संकष्टी येते," रेखावहिनी.

"एवढं जातोच आहोत तर सिंगापूरपण उरकून घेऊ!" नणंदेची शेजारीण.

"इडलीपात्र न्यायचं की रॉडेलकडे असेल?" कोण ते कळलं नाही.

चंद्रहासदादांनी झेंडा शिवायला टाकला. भगवा, मधोमध जीपनी!

विश्वासने रॉडेलला फोन केला. त्याला वाटलं, तेवीस आकडा ऐकून हा बेशुद्ध पडेल. रॉडेल आनंदाने ओरडला. "तेवीस! कुया, मी तीन डुकरं सांगतो!"

"अरे, त्यातले तेरा शाकाहारी आहेत."

पलीकडे थोडा हिशोब झाला. "ठीक आहे. मग दोन डुकरं."

"रॉडेल, आपल्याला दोघांना चालायला मिळेल ना रे? नदीवरून? फक्त दोघांना?"

"एक दुपार ठेवली आहे, कुया. फक्त तुझी."

त्या एका दुपारच्या जोरावर विश्वास पेटून उठला. हॉटेलं त्याने बघितली, जीपनी त्याने ठरवली, संकष्टीचा चंद्रोदय इलोइलोला किती वाजता हे त्याने शोधून काढलं. चंद्रहासदादांना रजेचा ऑनलाइन अर्ज भरता येत नव्हता, म्हणून तोही त्याने भरला. मग बाकी तिघांनी आपापले पासवर्ड आणून दिले. त्यांचेही भरले! स्वतःचा राहिला. शलाका दोनदा म्हणाली, "अरे, आधी आपला भर." पण विश्वासचं म्हणणं, मित्र माझा, म्हणजे यजमान मी. आणि यजमान बसतो शेवटच्या पंगतीला!

शेवटच्या पंगतीला श्रीखंडाचं काय होतं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक यजमानाला ठाऊक असतं. विश्वास विसरला.

त्याने अर्ज टाकला त्याच दुपारी मॅनेजर झैदने त्याला केबिनमध्ये बोलावलं. झैद कुवेती, वयाने लहान, स्वभावाने गोड. वाईट बातमी द्यायची असली की आधी चहा देतो. त्या दिवशी चहाबरोबर खजूर आणि बिस्किटंसुद्धा होती.

"हबीबी विश्वास, युनिटमध्ये इंजिनियर किती?"

"सहा."

"कमीत कमी हजर किती पाहिजेत?"

"दोन."

"चौघांची रजा मी कालच मंजूर केली. चौघांनी कारण एकच लिहिलंय, एकाच शब्दांत. 'रॉडेल.' हे काय आहे? सण आहे का तुमचा?"

"नाही, माणूस आहे. आपला रॉडेल. पंपवाला."

"अरे, तो रॉडेल!" झैदचा चेहरा पडला. "पण मग तो तर तुझा मित्र! तू शेवटी का अर्ज केलास?"

"आमच्याकडे यजमान सगळ्यांच्या शेवटी जेवतो."

"आणि जेवण संपलं तर?"

विश्वासने खजूर तोंडात टाकला.

चौघांपैकी कोणी तरी मागे हटेल, अशी त्याला आशा होती. चंद्रहासदादांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. "विश्वासा, मी राहिलो असतो रे! पण रेखाने स्विमसूट आणलाय." दुसऱ्याने मुलांना सांगून टाकलं होतं. तिसऱ्याने सासूला सांगून टाकलं होतं. चौथा नुसताच त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि हात काढून घरी गेला.

घरी शलाका म्हणाली, "मग आम्हीपण नाही जात."

"नको, नको. रॉडेल वाट बघतोय. तुम्ही जा."

"बरं!" शलाका म्हणाली.

विश्वासच्या मते मध्ये थोडा वेळ जायला हवा होता. निदान एक सुस्कारा!

"डॅड, वी विल व्हिडिओ कॉल यू, ओके?" प्रणिताने बॅग भरता भरता त्याचं सांत्वन केलं.

एअरपोर्टवर बावीस माणसं, एक्केचाळीस बॅगा आणि एक झेंडा. विश्वासने ट्रॉल्या ढकलल्या, पासपोर्ट मोजले, इडलीपात्र हातातल्या सामानातून काढून मोठ्या बॅगेत घातलं. शेवटी शलाकाच्या हातात एक बरणी दिली. त्याने स्वतः कुटलेली लसणीची चटणी. बसमध्ये रॉडेल ती डब्याच्या झाकणावरून बोटाने चाटायचा.

"त्याच्या हातात दे. ग्रुपमध्ये फिरवू नका."

मग फोटो यायला लागले! चंद्रहासदादा आणि चर्च. चंद्रहासदादा आणि नदी. रेखावहिनी, जीपनी आणि झेंडा. विश्वास प्रत्येक फोटो मोठा करून कडेला शोधायचा. कुठे अर्धा कान, कुठे एक कोपर, कुठे पाण्याच्या बाटल्यांचा खोका उचललेला हात. तो रॉडेल. चेहरा एकातही नाही!

तिसरा दिवस शुक्रवार होता. विश्वासला सुट्टी. सकाळी अकराला तो एकट्यापुरती आमटी ढवळत होता, खरीखुरी आमटी, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर पहिल्यांदाच अख्खा रॉडेल! थोडा जाडा, थोडा पिकलेला.

"कुया! इथे चार वाजायला आले. सगळ्यांना मॉलमध्ये सोडलंय. शाकाहारी, मांसाहारी, सगळे खूश. चल!"

"कुठे?"

"कुठे काय? आज तुझी दुपार!"

त्याने गॅस बंद केला. "चटणी मिळाली?"

"मिळाली आणि संपली. लसणीच्या वासाने बायको बाहेरच्या खोलीत झोपते आहे."

रॉडेल चालायला लागला. पडद्यात नदी हलायला लागली. आता ओट्यापाशी उभं राहून नदीवर कसं फिरणार? विश्वास जिना उतरला, रस्ता ओलांडला आणि समुद्रावर आला. हवा छान होती. रॉडेलची नदी उजव्या हाताला, म्हणून त्यानेही समुद्र उजव्या हाताला ठेवला. पायांत घरातल्या चपला, एका हातात फोन, दुसऱ्या हातात आमटीचा डाव. डाव खाली ठेवायचा राहिलाच होता!

"थांब, सांगू नकोस," विश्वास म्हणाला. "आता निळ्या फाटकाची शाळा येईल."

"आली!"

"मग पूल. पुलाखाली न्हावी."

"न्हावी मेला. त्याचा मुलगा बसतो."

"हरकत नाही. आता बेकरी. रॉडेल, चार कधीच वाजून गेले, पाव निघाला असेल. डावीकडे वळ!"

तो डावीकडे वळला. विश्वासही डाव उगारून डावीकडे वळला. समोरून येणारी एक बाई पोराला घेऊन फुटपाथवरून खाली उतरली.

पडद्यावर मोबाइलचं दुकान होतं. गुलाबी कव्हरं लटकत होती.

"बेकरी कुठाय?"

रॉडेलने लटकणारं एक कव्हर सरळ केलं. मग म्हणाला, "बंद पडली, कुया."

"कधी?"

"मी कुवेतला आलो ना, त्याच वर्षी."

"म्हणजे बसमध्ये अकरा वर्षं तू मला..."

"तिथे बसलं की ती उघडी असायची."

विश्वास चालत राहिला. या माणसाने त्याला अकरा वर्षं नसलेला पाव खायला घातला होता! रागवायला हवं होतं. पण रागवायला तोंड नव्हतं.

"रॉडेल, ते मिसळीचं दुकान..."

"हं?"

"मी कॉलेजात असतानाच पाडलं. रस्ता रुंद केला."

दोघंही हसायला लागले. रॉडेल मोबाइलच्या दुकानापुढे उभा राहून, विश्वास कुठे उभा राहून ते त्यालाही माहीत नव्हतं. हसता हसता दोघांनाही नाक पुसावं लागलं. विश्वासला तर डावाच्या हाताने पुसावं लागलं, त्यामुळे आमटी शर्टाला लागली.

"आता सरळ," विश्वास म्हणाला. "तुझं घर. ते तरी आहे ना?"

"ते आहे! चल. अंगणात दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. एकीवर फोन ठेवतो. कुया, घर आलंच, हे बघ, तो दि..."

पडदा काळा झाला. बॅटरी!

विश्वासने मान वर केली. समुद्र नाही, ओळखीचं काही नाही. चहूकडे एकसारख्या बिल्डिंगी आणि एकसारख्या एसीचं टपटपणारं पाणी. पावणेदोन तास चालून तो महबुलाच्या कुठल्या तरी गल्लीत आला होता. इलोइलोचा न्हावी सांगणाऱ्या माणसाला पंधरा वर्षं राहून स्वतःच्या घरची दिशा कळेना!

एक टॅक्सी थांबली. काचेतून रफीक नावाच्या ड्रायव्हरने आधी चपला बघितल्या, मग डाव.

"कहाँ जाना है, साहब?"

"बेकरी से बायें," विश्वासच्या तोंडून निघून गेलं.

"कौन सी बेकरी?"

"वो... बंद हो गई."

रफीकने जगात बरेच प्रवासी बघितले असणार. त्याने मागचं दार उघडून दिलं, डाव जपून पुढच्या सीटवर ठेवला आणि न मागता चार्जरची वायर मागे दिली.

फोन जिवंत झाला आणि थरथरायला लागला. 'रॉडेल दर्शन', सत्तेचाळीस मेसेज!

"रॉडेल कुठे आहे?"

"भाऊजी, रॉडेल फोन उचलत नाही. चंद्रोदय होऊन जाईल!"

"विश्वासा, तुझा रॉडेल खय गेलो? मॉलच्या गेटवर बावीस माणसं पाऊण तास उभी आहेत! झेंडा धरून हात दुखला. आम्हाला इथला एकही रस्ता माहीत नाही!"

"डॅड, धिस इज सो एम्बॅरसिंग."

सगळ्यात खाली, ग्रुपबाहेर, रॉडेलने पाठवलेला एक फोटो. अंगणात दोन खुर्च्या. एकीवर तो, फोटोत पहिल्यांदाच पूर्ण चेहऱ्यानिशी. दुसऱ्या खुर्चीवर लसणीच्या चटणीची रिकामी बरणी, कोणी बसू नये म्हणून ठेवलेली.

विश्वासने तो फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग चंद्रहासदादांची दया येऊन त्याने ग्रुपवर लिहिलं:

"काळजी नसावी. रस्ता अगदी सोपा आहे. नदी उजव्या हाताला ठेवा आणि बेकरी आली की डावीकडे वळा."