आत्या, तत्रैव

शोधनिबंध परत आला नाही, निरोप आला. 'मूळ साधनासह ताबडतोब भेटावे.' निबंध सायंकाळपर्यंत स्वीकारला गेला नाही, तर भाचीचे पदवीचे वर्ष वाया जाणार होते.

तिच्या मार्गदर्शकांना सारे महाविद्यालय 'तळटीप सर' म्हणे. ते कोणतेही पान खालून वर वाचत. लेखक काय म्हणतो हे त्यांच्या लेखी गौण. तो ते कोणाच्या आधाराने म्हणतो हे पानाच्या पायथ्याशी कळे, आणि सर आधी पायथ्याशीच नतमस्तक होत. कानावर आलेले वाक्यसुद्धा ज्याचे त्याच्या नावे नोंदवावे, ही त्यांची एक शिकवण. एकाच ग्रंथाचा उल्लेख लागोपाठ आला, तर नाव पुन्हा न लिहिता 'तत्रैव', म्हणजे 'त्याच ठिकाणी', असे लिहावे, ही दुसरी.

भाचीने दोन्ही शिकवणी निष्ठेने पाळल्या, आणि तिथेच घोटाळा झाला. विषय होता कुलपांचा इतिहास. पहिल्या तळटिपेत एका जाडजूड ग्रंथाचे नाव, आणि पुढे अखेरपर्यंत तत्रैव, तत्रैव. निबंध लिहून झाल्यावर भाजी निवडता निवडता आत्या म्हणाली होती, "कुलपाचा धाक चोराला नसतो गं, लावणाऱ्यालाच असतो." भाचीने ते वाक्य दुसऱ्या परिच्छेदात बसवले आणि प्रामाणिकपणे टीप दिली: 'आत्या, घरगुती संभाषण.' त्या क्षणी पुढचे सारे तत्रैव ग्रंथाचा हात सोडून आत्याच्या पदराखाली गेले, हे तिच्या ध्यानातही आले नाही.

मूळ साधन म्हणजे ग्रंथ की आत्या, याचा उलगडा न झाल्याने तिने दोन्ही बरोबर नेली.

सरांनी कपाटाला कुलूप लावले, ओढून पाहिले, पुन्हा ओढून पाहिले, आणि मग निबंध उघडला.

"राजवाड्यांची जुनी कुलपं लाकडी होती. तत्रैव, पृष्ठ एकशे बारा," त्यांनी वाचले. "ही आत्या किती पानांची आहे?"

भाची घाईघाईने ग्रंथ चाळू लागली. आत्या मात्र ऐसपैस बसली. घरच्या मुलीवर बालंट येते आहे, एवढे तिला पुरेसे होते.

"मीच म्हणाले तसं."

"आणि पृष्ठ चारशे सहा? गुप्त कळीच्या कुलपाचं?"

"तेही मीच. लेकरू खोटं कशाला लिहील?"

शेवटी भाचीनेच ग्रंथ पुढे सरकवून झालेली गफलत सांगितली. सरांनी पाने ताडून पाहिली आणि प्रत्येक तत्रैवच्या जागी ग्रंथाचे नाव घाल, निबंध स्वीकारतो, असे सांगितले. तिने तिथेच बसून तसे केलेही. सरांचे बोट मात्र आत्याच्या वाक्यावर थबकले होते. वाक्य उत्तम आहे, बाईंचे स्वतःचेच ना, असे त्यांनी विचारले.

आत्या आतापर्यंत रेटून बोलली ती भाचीसाठी. स्वतःसाठी तिला तशी गरज नव्हती.

"छे हो. आमच्या शिवणवर्गात एक जण आहेत, त्या म्हणतात. त्यांचे यजमान कुलूप लावून ओढून बघतात, जिना उतरतात, परत वर येऊन ओढतात. मग बस चुकली की चिडायचं बायकोवर."

"नाव काय त्यांचं?" सरांनी नोंदीसाठी लेखणी उचलली.

"खरं नाव कुठलं लक्षात राहायला. आम्ही सगळ्या तळटीपवहिनीच म्हणतो. का, ते मी कधी विचारलं नाही."

भाचीने दृष्टी छताकडे लावली. सरांची लेखणी क्षणभर अधांतरी राहिली. पण तत्त्व ते तत्त्व. त्या वाक्याखाली त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात टीप लिहिली: 'मूळ वक्त्या, प्रस्तुत मार्गदर्शकाच्या पत्नी; आत्या यांनी उद्धृत केल्याप्रमाणे.' आणि निबंधावर स्वीकृतीची सही केली.

तिघेही बरोबरच बाहेर पडले. सरांनी खोलीला कुलूप लावले. हात सवयीने पुन्हा कुलपाकडे वळला. आत्या बघत होती. त्यांनी तो हात खिशात घातला आणि ते जिना उतरू लागले.

शेवटच्या पायरीवर ते थांबले.

"कुलूप..." ते हळूच म्हणाले.

"तत्रैव, सर," भाची म्हणाली.