अर्ध्या एकराची मागणी

मातीला पाजायच्या जीवामृताच्या ड्रमसमोर सुतक पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमचे ढोले सर. कारंजा घाडगेजवळच्या आमच्या केंद्रात ते गावोगावच्या पोरापोरींना बिनरसायनाची शेती शिकवतात. मी तिथेच हिशेब शिकवतो; म्हणजे सरांच्या लेखी काहीच शिकवत नाही.

सुतकाचं कारण यंदाच्या तुकडीतली प्रणाली. तिनं ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती सगळं बरोबर कालवलं, पण पाणी ओतलं ते ब्लीचिंग पावडर टाकलेलं. सर वाकले, हुंगलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मेले! मातीतले सारे जीव मेले, पोरी!"

त्या दिवशी कोणालाच चहा नाही. "मयतीच्या घरी चूल पेटते का बे?" मी चोरून प्यायलो, तर माझ्याशी आठवडाभर अबोला. प्रणाली मात्र रडकुंडीला आली तेव्हा लगेच विरघळले. "रडू नोको. साधं पानी आन, नवीन लाव."

वर्ग संपले की सरांचा दुसरा उद्योग सुरू होतो. इस्त्रीचा शर्ट, नारळ, पेढे आणि माझी मोटरसायकल. शिकलेल्या पोरांना घरचेच वावराचा तुकडा देत नाहीत, मग शिकून करायचं काय? म्हणून सर घरोघर जाऊन जमिनीची मागणी घालतात.

यंदा प्रणालीच्या घरी गेलो. नारळ पाहताच तिचे बाबा, रामभाऊ, लगबगीनं बाज झटकू लागले. आत पोह्यांना फोडणी पडली.

"पोरगा काय करते, सर?"

"पोरगा नाई जी. पोरीसाठी अर्धा एकर मांगाले आलो. धुऱ्याकडचं, पार कडेचं द्या, पन द्या."

रामभाऊंचा चेहरा उतरला आणि मग चढला. "उद्या सासरी जाईन ते. तिले वावर काऊन पाह्यजे? अन् तुमचं सोताचं वावर कोन पाह्यते?"

सर नारळाची शेंडी कुरवाळू लागले.

"पडीत हाय. माह्या पोरीनं मांगतलं होतं. म्या बी हेच म्हनलं, तुले काऊन? आता पुन्याले असते. फोन मीच करतो. कामात हाय म्हनते अन् ठेवते."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं सोबत फिरतो, सरांना मुलगी आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

दारात उभी असलेली प्रणाली बापाकडे बघत होती. रामभाऊंनी चपला घातल्या.

"चाला सर, विहिरीजवळचं दाखवतो. धुऱ्याकडं पानी नाई पोचत."