राजापेठेच्या मंद सर्व्हरावरील फत्ते

साहेबास राग आला तरी खरे तेच लिहावे, ऐसा निश्चय करून अमरावती प्रांती राजापेठेत जाहली मोहीम लिहिली ती येणेप्रमाणे.

अकोला व अमरावती, दोन्ही सुभ्यांचे दवाखान्यांचे दप्तर वेगळाले आणि रोगी एकच. दोन्हीकडील नोंद जुळल्यावाचून रोग्यास रक्त मिळवून देणारे कार्ड नवे होणे नाही, आणि सोमवारपावेतो यादी न गेल्यास जुनी कार्डे रद्द. जुळवणीचे काम राजापेठेच्या कचेरीकडे, नावे अठरा लक्ष. सर्च सर्व्हर एका नावास दोन सेकंद घेई, म्हणजे बेचाळीस दिवसांची बेगमी.

तेव्हा कचेरीचे मुख्य, संगणकधुरंधर देवानंदराव साहेब यांणी मोठी मसलत केली. सर्व्हरास दुसरा एसी बसविला, आणि मग लिंबू-मिरची बांधिली, आणि मग तीन वेळां बंद करून चालू केला. सर्व्हर थंड जाहला. काम तैसेच रांगत राहिले.

गुरुवारी बाळापूरची पंचफुलाबाई आजारी लेक शालूस घेऊन दारी आली. म्हणाली, "पोरीले रक्त चढवाचं हाय. अकोल्याचे म्हणतात अमरावतीले जा, इथले म्हणतात अकोल्याले जा. आमी जावं तरी कुठी?" हुजूरचे फर्मान सुटले की विषय तांत्रिक, बाहेर बसावे.

हे कचेरीतील नवी नोकर, भातकुलीची ज्योत्स्ना हिणे ऐकिले आणि मान खाली घातली. मग सर्व्हराचा रोजनामा उघडून पाहते तों, तो प्रत्येक नावासाठी अठराही लक्ष नोंदी धुंडी आणि पत्त्यापासून फोनपर्यंत सारे चाळी. तिणे जन्मसाल व तालुका यांची चाळणी आधी लाविली, शोध नावापुरता राखिला, आणि एकेक नाव न धाडितां पांचशांची तुकडी एकदम धाडिली.

साहेब कडाडले, "तू नवी हायेस, सर्व्हरले हात लावू नको!"

ती म्हणाली, "साहेब, तो अठरा लाख घरं फिरून राहिला. मी त्याले फक्त गल्ली सांगून राहिली."

साहेब चहास गेले.

शुक्रवारी पांच तासांत अठरा लक्ष नावे उरकली. तीनशे बारा जोड्या संशयित राहिल्या, त्या ज्योत्स्नेने डोळ्यांनी तपासिल्या. एके दप्तरी शालू, दुसरे दप्तरी शालिनी. पंचफुलाबाईस फोन करून विचारिले आणि जोडी लाविली.

शनिवारी दोन प्रहरी यादी रवाना जाहली. मोहीम फत्ते. मंगळवारी अकोल्यास शालूस रक्त चढले, आणि तेच दिवशी दूरदृष्टीबद्दल साहेबांस शाल चढली. दोन्ही नोंदी खऱ्या, पहिली कामाची.