सातचा उलटा पाढा

"एका वाक्याचं काम आहे!" आरशात बघून भांग पाडता पाडता चावीवाल्यानं बायकोला सांगितलं. "आत जायचं, मोठ्या बाईंसमोर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवायची आणि म्हणायचं, आमच्या मुलीला लागली की लगेच सोडायचं. संपलं! उगाच दोन दोन हेलपाटे घातलेस तू."

बायकोनं चिठ्ठीची घडी करून त्याच्या हातात ठेवली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. नवऱ्याचं एका वाक्याचं काम कसं असतं, ते तिला पाठ होतं. मागे एकदा तो असाच एका वाक्याचं काम म्हणून शेजाऱ्यांना टीव्हीचा आवाज कमी करा, असं सांगायला गेला होता. तिथं त्यानं त्यांच्या कपाटाचं कुलूप दुरुस्त केलं, चहा प्यायला, त्यांच्याबरोबर आख्खा सिनेमा बघितला आणि घरी आला. टीव्हीचा आवाज तेवढाच!

पण या वेळचं काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांची बिट्टी नऊ वर्षांची, चौथीत. तिला मूत्राशयाचं जुनं दुखणं होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं होतं. हिनं भरपूर पाणी प्यायचं आणि लागली की उठायचं. थांबायचं नाही. थांबलं की ते उलटं मूत्रपिंडाकडे चढतं आणि ताप येतो. वर्षात दोनदा तसा ताप आला होता. दुसऱ्या वेळी चार दिवस इस्पितळात काढले, बिट्टीच्या काडीसारख्या हाताला सलाईन लावून. "पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडाला कायमची इजा होईल," डॉक्टर म्हणाले होते, आणि चावीवाला त्या रात्री इस्पितळाच्या जिन्यात बसून रडला होता. हे त्यानं कोणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला माहीत होतं.

आणि शाळेत काय? तर तास चालू असताना स्वच्छतागृहांना कुलूप! कोणे एके काळी कुण्या कार्ट्यानं तिथला नळ सोडून ठेवला, पाणी थेट कार्यालयात गेलं आणि हजेरीपटांची होडकी झाली. तेव्हापासून किल्ली मोठ्या बाईंच्या खणात. मधल्या सुट्टीत शिपाईमामा दार उघडणार, सुट्टी संपली की बंद करणार. वर्गबाई म्हणाल्या, "माझं काही नाही हो, पण मोठ्या बाईंची परवानगी आणा." आई दोनदा गेली. एकदा बाई तपासणीत होत्या, एकदा बैठकीत. आणि बिट्टीची पाण्याची बाटली रोज संध्याकाळी जशी गेली तशी काठोकाठ भरून घरी येत होती.

तर चावीवाला निघाला. शाळेतून परस्पर कामाला जायचं म्हणून हत्यारांची पिशवी खांद्यावर, चिठ्ठी शर्टाच्या खिशात आणि वाक्य ओठांवर. फाटकापर्यंत सगळं छान होतं. पण फाटक ओलांडलं, खडूचा आणि ओल्या फरशीचा वास नाकात शिरला आणि गड्याची छाती फुस्स! सातवीत शाळा सोडलेली, तीसुद्धा गणिताच्या गुरुजींच्या भीतीनं. गावातली एकूण एक तिजोरी उघडणारा हा माणूस मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर चप्पल काढून उभा राहिला.

"आलात का एकदाचे!" बाई आतूनच म्हणाल्या. त्यांनी आधी पिशवी बघितली, मग माणूस. "कालपासून शिपायाला सांगतेय, चावीवाल्याला बोलवा, चावीवाल्याला बोलवा."

शिपाईमामा कुणाला काही सांगायला गेलेच नव्हते. दारात उभे राहून, जणू आपणच याला धरून आणलाय, अशी त्यांनी मान डोलावली.

"बाई, मी... ते स्वच्छतागृहाचं..." चावीवाल्यानं घसा खाकरला.

"हो हो, तेच ते! बोळाच्या दाराचं कुलूप अगदी मेंगळट झालंय. पोरं खिळ्यानं उघडतात. मला असं कुलूप बसवून द्या, की कुणाच्या बापाला उघडता येणार नाही!"

आता असलं वाक्य चावीवाल्यासमोर बोलायचं असतं का? त्याच्या पिशवीत आठ महिन्यांपासून एक कुलूप पडून होतं. तीन दांड्यांचं, पोलादी पात्याचं, दार नुसतं लोटलं की आपोआप लागणारं! गिऱ्हाईकाला दाखवावं, तर गिऱ्हाईक म्हणे, "एवढं कशाला? आमच्या घरात आहे काय?" आठ महिने तो ते रोज पुसून पुन्हा पिशवीत ठेवत होता. आज पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या तोडीचं कुलूप मागत होतं!

चावीवाल्यातला बाप तिथंच झोपी गेला आणि कारागीर टुणकन उठून बसला.

"आहे बाई! माझ्याकडेच आहे! तार चालणार नाही, खिळा चालणार नाही, मलासुद्धा उघडता येणार नाही!"

"वा!" बाई खूश झाल्या. त्यांनी दोन कप चहा मागवला. चावीवाला कामात गुंतलेला, म्हणून त्याचाही कप त्याच प्यायल्या.

तासभर चावीवाला शीळ घालत राबला. बोळाचं ते दार जुनं, लाकडी, बाहेरच्या बाजूला उघडणारं. आत एका रांगेत मुलींची, मुलांची आणि अगदी टोकाला शिक्षकांची अशी सगळी स्वच्छतागृहं. कुलूप असं चपखल बसलं की बघतच राहावं! त्यानं आत जाऊन साबणानं हात धुतले, तिन्ही किल्ल्यांचा जुडगा बेसिनच्या कडेला ठेवला, हात पुसले आणि रुबाबात बाहेर येऊन बाईंना हाक मारली.

"बघा हं बाई. जोर नाही लावायचा. एका बोटानं, असं..."

टक्!

"सुंदर!" बाई म्हणाल्या. "आता उघडून दाखवा."

चावीवाल्यानं उजवा खिसा चाचपला. डावा चाचपला. शर्टाचा चाचपला. तिथं कागद कुरकुरला. चिठ्ठी! त्याला एकदम सगळं आठवलं. आपण कशाला आलो होतो, काय करून बसलो आणि किल्ल्या कुठं आहेत, तिन्ही गोष्टी एकाच वेळी. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"किल्ल्या... आत आहेत."

आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली.

पुढच्या दहा मिनिटांत त्या दारासमोर जे जमलं, त्याला गर्दी म्हणणं कमीच. पहिलीतली पोरं एका पायावर नाचत होती. सहावीतले दांडगट भिंतीला चिकटून उगाच छताकडे बघत होते. चित्रकलेच्या सरांनी येऊन "झालं का हो?" असं सहज विचारलं, मग पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज चिरकला. चावीवाला गुडघ्यावर बसून कुलपात तारा घालत होता. एक तार वाकली. दुसरी वाकली. ड्रिल लावलं, तर पोलादी पात्यावर टोक तुटून शिपाईमामांच्या कानाजवळून गेलं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना," शिपाईमामा कान चोळत म्हणाले, "की तुम्हालासुद्धा उघडता येणार नाही? माणूस शब्दाचा पक्का आहे!"

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

"बाबा?"

बिट्टी रांगेत सगळ्यात पुढे होती. ती रोजच सगळ्यात पुढे असायची, घंटा व्हायच्या आधीपासून पळायच्या तयारीत. बाबा शाळेत आलेला बघून तिचा चेहरा उजळला होता. म्हणजे बाबानं सांगितलं! मग तिची नजर कुलपावर गेली. नवीन, चकचकीत, तीन दांड्यांचं. ते ती ओळखत होती. बाबाबरोबर रविवारी तिनंच तर ते पुसलं होतं.

"हे... तू लावलंस?"

चावीवाल्याला वाटलं, त्या फरशीनं आपल्याला गिळावं. ज्या दारापायी लेकीचा जीव टांगणीला लागला, त्या दाराला त्यानं स्वतःच्या हातानं, शीळ घालत, आणखी पक्कं केलं होतं.

बिट्टी रागावली नाही. तिनं नुसते ओठ आवळले, दप्तर खाली ठेवलं आणि एका पायाची दुसऱ्या पायाला अढी घातली. शेजारी मोठ्या बाई उभ्या होत्या. दोन कप चहा त्यांनाही आता भारी पडू लागला होता. त्या हळूच या पायावरून त्या पायावर होत होत्या आणि चेहरा मात्र मुख्याध्यापकांचाच ठेवत होत्या. पण बिट्टीला या कामातलं सगळं कळत होतं.

"बाई, तसं नाही," ती कुजबुजली. "पाय असे अडकवा. आणि नळाचा विचार करायचा नाही. सातचा पाढा उलटा म्हणा. सत्तरपासून."

"काय?"

"सत्तर, त्रेसष्ट, छप्पन्न... एकोणपन्नासला फार येते, पण ती जाते. मग पस्तीसपर्यंत बरं असतं."

दुसरी वेळ असती तर बाईंनी या आगाऊपणाला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण आता त्यांनी निमूट पाय अडकवले. "सत्तर... त्रेसष्ट... छप्पन्न..." एकोणपन्नासला त्यांनी डोळे गच्च मिटले. पस्तीसला उघडले. खरंच बरं वाटत होतं!

"हे तुला कुणी शिकवलं गं?"

"माझं मीच. रोज दुसऱ्या तासापासून म्हणते. आधी दोनचा म्हणायचे, पण तो लवकर संपतो."

"रोज?"

"हो. म्हणून तर पाणी पीत नाही. मग पाढा कमी वेळा म्हणावा लागतो. पण डॉक्टर म्हणतात पाणी प्यायचंच, नाहीतर पुन्हा ताप येईल आणि सलाईन लावतील." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "बाई, आज मला जरा जास्तच लागलीये. माझा पाढा चारदा झाला."

दारासमोरचा गलका चालूच होता, पण मोठ्या बाईंना तो ऐकू येईना. त्यांनी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "कुणाची मुलगी ही?"

चावीवाल्यानं गुडघ्यावर बसल्या बसल्याच, वर्गात करतात तशी, करंगळी नव्हे, पण बोट वर केलं.

"माझी, बाई. मी... मी तेच सांगायला आलो होतो सकाळी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही कुलूप मागितलंत," तो रडवेला होऊन म्हणाला. "आणि माझ्याकडे होतं हो!"

बाईंनी तोंड उघडलं, पण त्या काही बोलायच्या आत बिट्टी दाराच्या दुसऱ्या कडेशी वाकली. चावीवाल्याची लेक ती! कुलपाकडे बघायचंच सोडून तिनं सगळं दार बघितलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "बिजागऱ्या बाहेरून आहेत."

चावीवाल्यानं कपाळावर हात मारला. जगातलं सगळ्यात भक्कम कुलूप त्यानं अशा दाराला लावलं होतं, की ज्याच्या बिजागऱ्यांच्या खिळ्या कुणीही हातोडीनं उडवाव्या! ठक, ठक, ठक! तीन खिळ्या उडाल्या. शिपाईमामांनी एका बाजूनं धरलं, चित्रकलेच्या सरांनी दुसऱ्या बाजूनं, आणि आख्खं दार कुलपासकट चौकटीतून निघून भिंतीला टेकून उभं राहिलं.

दोनशे पोरं पुढे सरसावली. मोठ्या बाईंनी दोन्ही हात आडवे केले.

"थांबा! आधी ही!"

बिट्टी पळाली. आतल्या दाराची कडी लागली. चावीवाला चौकटीत कान देऊन उभा. थोड्या वेळानं आतून पाणी सोडल्याचा भसाभस आवाज आला आणि या माणसाला अगदी भरून आलं. इतका गोड आवाज त्यानं आयुष्यात ऐकला नव्हता. पाठोपाठ मोठ्या बाई, पदर खोचून, वयाला न शोभेलशा वेगानं आत गेल्या.

बाहेर आल्यावर त्या पुन्हा पहिल्यासारख्या मोठ्या बाई झाल्या होत्या. चावीवाला खिळ्या गोळा करत होता.

"लावतो बाई दार लगेच. कुलूप काढून."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आतल्या दारांना कड्या आहेत. हे दार लागणार नाही आता. कुलूप तेवढं काढून न्या." मग बिट्टीसमोर वाकल्या. "आणि तू. विचारायचं नाही, बोट वर करायचं नाही. उठायचं आणि जायचं. वर्गबाईंशी मी बोलते. सातचा पाढा फक्त गणिताच्या तासाला म्हणायचा. सुलटा."

संध्याकाळी आईनं रोजच्यासारखी दप्तरातून बाटली काढली, आणि ती रिकामी बाटली तिच्या हातातून वरच उडाली. भरलेल्या बाटलीच्या वजनाची सवय झालेली ना! तिनं बाटली उलटी धरली. एक थेंब पडला. ती खुर्चीवर बसली आणि पदरानं डोळे पुसत हसायला लागली.

"बघ!" चावीवाल्याची छाती पुन्हा फुगली. "म्हटलं नव्हतं? एका वाक्याचं काम!"

"कुठलं वाक्य म्हणालात?"

"बाबा कुठे काय म्हणाला?" बिट्टी मध्येच म्हणाली. "वाक्य मी म्हटलं. बिजागऱ्या बाहेरून आहेत."

बायकोनं त्याच्या शर्टाच्या खिशातून घडी न मोडलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. मग पिशवीत डोकावून बघितलं.

"कुलूप आणलंत. त्याच्या किल्ल्या?"

चावीवाल्यानं उजवा खिसा चाचपला. डावा चाचपला. मग मान खाली घातली.

"आत राहिल्या. बेसिनवर."

"मग उद्या जा आणि चिठ्ठी देऊन त्या घेऊन या," बायको बाटली पुन्हा काठोकाठ भरत म्हणाली. "आता काय, दार उघडंच असतं."